लग्नगडी आणि लग्नाची पंगत

आमच्या तलासरी-डहाणू पट्ट्यात एक शब्द होता, तो आता म्हाताऱ्यांच्याच तोंडी ऐकू येतो. लग्नगडी. शहरातल्या वाचकाला वाटेल, लग्नात काम करणारा गडी, वाढपी किंवा पाणक्या असेल. तसं नव्हतं. ज्याने आपल्या लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे उचलले आणि त्या पैशापायी बायकोसह त्याच्या दारात राबायला जो बांधला गेला, तो लग्नगडी. माझा आजा लग्नगडी होता. माझी आजी हळदीच्या अंगाने नवऱ्याच्या घरी आली आणि महिन्याभरात जमीनदाराच्या गोठ्यात शेण काढायला गेली. तिने हे मला सांगितलं तेव्हा ती रडली नव्हती. भाताच्या लावणीबद्दल सांगावं तसं सांगत होती. त्या काळी पाड्यावर दर दोन घरांआड असंच होतं, मग रडायचं कुणाजवळ?

लग्नाच्या जेवणाचा हिशेब करायला बसलं की मला हा शब्द आठवतो. पंगतीचे हिशेब दोन असतात. एक टोपातला, म्हणजे किती तांदूळ, किती डाळ, किती मटण. दुसरा वहीतला, म्हणजे पैसे कुणाचे, कोणत्या अटीवर आणि फेडायचे कसे. माणूस पहिला हिशेब चार वेळा करतो आणि दुसरा देवावर सोडतो. आमच्या भागाचा इतिहास त्या दुसऱ्या हिशेबाचा आहे.

वारली समाजात हुंडा नाही, देज आहे. ते नवऱ्या मुलाकडून मुलीकडे जातं. म्हणजे खर्चाचा भार मुलाच्या घरावर. देजाचे पैसे, नवरीचं लुगडं, मांडवाचे दोन-तीन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला भात, डाळ आणि ताडी. घराच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात, त्यात पालघट देवी बसते. लग्न लावते ती धवलेरी, बाईमाणूस, गाणी म्हणून. भटाची दक्षिणा नाही, सोनं नाही, घोडा नाही. तरीसुद्धा ज्याच्याकडे चैत्रानंतर कणगीत दाणा उरत नाही त्याला तेवढाही खर्च डोंगराएवढा होता. म्हणून आमच्यात अशीही रीत पडली की जोडप्याने आधी संसार मांडायचा, लग्नाचे विधी पैसा जमेल तेव्हा. मुलाच्या मांडवात आईबापानेही आपलं राहिलेलं लग्न लावून घेतलं, असं कितीतरी घरांत घडलंय. बाहेरचे लोक याला हसतात. मला त्यात शहाणपण दिसतं. ज्यांनी थांबायचं ठरवलं ते लग्नगडी झाले नाहीत.

जे थांबले नाहीत त्यांचं काय झालं? जमीनदाराने पैसे दिले. बदल्यात नवरा-बायकोने कर्ज फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचं. मजुरी नाही, पोटापुरतं खाणं. वही जमीनदाराची, अंगठा आपला. वर्षं गेली तरी मुद्दल जागचं हलत नसे. आजारी पडला तर ते दिवस वाढीव. नवरा मेला तर बायको-पोरं. 1930 नंतरच्या दशकात मुंबई सरकारने आदिवासींची स्थिती पाहायला सिमिंग्टन नावाचा गोरा अधिकारी नेमला, त्याने आपल्या अहवालात या लग्नाच्या गुलामीची नोंद केली. नोंद झाली, पण माणसं सुटली नाहीत.

सुटली ती 1945 साली. त्या वर्षी जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. आमच्याकडची काही माणसं तिथे गेली आणि इथलं सगळं सांगून आली. मग गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर या भागात आले. 23 मे 1945 ला झरी गावात हजारो वारल्यांची सभा झाली. झरी आता आमच्या तलासरी तालुक्यात आहे, तेव्हा तालुका उंबरगाव होता. तिथे ठरलं की फुकट वेठीला जायचं नाही, कामाचे रोजचे बारा आणे रोख घ्यायचे. आणि लग्नगडी मोकळे करायचे. लोक लाल बावटा घेऊन जमीनदारांच्या वाड्यांवर गेले आणि लग्नगड्यांना हाताला धरून घरी घेऊन आले. काही आठवड्यांत ही पद्धत मोडली. पुढे गवतकापणीच्या दराचा संप झाला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये ही मागणी होती. 10 ऑक्टोबर 1945 ला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, पाच आदिवासी मेले. जेठ्या गांगड हे त्यातलं नाव आमच्याकडे आजही घेतलं जातं. गोदावरीबाईंनी हा सगळा इतिहास ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवलाय. वेठबिगार बंद करणारा देशाचा कायदा आला तो 1976 साली. आमची माणसं कायद्याच्या तीस वर्षं आधी सुटली होती.

आता कुणी म्हणेल, चूक वारल्यांचीच. कशाला लग्नात खर्च करायचा? हा सल्ला जुना आहे. 1875 साली पुणे-अहमदनगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या-खतं जाळली. सुप्याच्या बाजारातून सुरुवात झाली. सरकारने आयोग नेमला. तेव्हाही सगळे म्हणत होते की कुणबी लग्नात पैसा उडवतो म्हणून बुडतो. आयोगाने तपासून सांगितलं की लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त दोष दिला जातोय. लग्न आयुष्यात कधीतरी येतं. सारा, बी-बियाणं आणि पोटाला लागणारं धान्य यासाठीची बारीक कर्जं दरसाल येतात आणि व्याजाने तीच फुगतात. मला हे पटतं. माझ्या आज्याच्या पंगतीत भात-डाळ-ताडी होती. त्यात उधळपट्टी कसली? त्याला बुडवलं ते जेवणाने नाही, त्या पैशाच्या अटीने.

याची दुसरी बाजू मला फार उशिरा, चाळिशी उलटल्यावर कळली. तेव्हा आमचा जिल्हा ठाणे होता. पालघर वेगळा झाला 1 ऑगस्ट 2014 ला. जमिनीच्या कामासाठी मला अच्छाडहून ठाण्याला खेपा घालाव्या लागत. तिथे एका सेवानिवृत्त गृहस्थांची ओळख झाली. मराठी आपल्यासारखंच, आडनावाच्या शेवटी ‘कर’. मी समजलो कोकणातले कुणी असतील. कोकणातलेच होते, पण धर्माने यहुदी. बेने इस्राएल. मी घोलवडकडचे चिकू घेऊन जायचो, ते मला चहा पाजायचे. मी त्यांना काका म्हणू लागलो. त्यांच्या पुतणीच्या लग्नाचा हिशेब चालला होता. माझ्याकडे नारळाचा भाव विचारायला म्हणून त्यांनी वही उघडली आणि दोन तास गेले. त्या वहीतून मी जे शिकलो ते आता लिहितो.

आधी त्यांचा इतिहास थोडक्यात. त्यांच्या परंपरेप्रमाणे फार जुन्या काळी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या. आमच्या शेजारच्या संजाणला पारशी उतरले तशीच ही गोष्ट. पारशांच्या परंपरेत तर असंही सांगतात की संजाणच्या राजाने आसरा देताना ज्या अटी घातल्या त्यात एक लग्नाबद्दल होती, लग्न दिवस मावळल्यावर लावा. म्हणजे परक्या मुलखात आलेल्या माणसाचं लग्न हा सगळ्यांनी बघायचा विषय झाला. बेने इस्राएल मात्र कुलाब्याच्या गावागावांत मुरून गेले. तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, दिव्याचे दिवेकर. पुढे काही जण मुंबईला आले. सॅम्युअल इझिकेल दिवेकरांनी 1796 साली मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. त्याला लोक मशीदच म्हणत, आणि लोकलच्या मशीद स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. ठाण्याचं सिनेगॉग 1879 चं. आपण ठाण्याला जाता-येता कितीदा त्याच्या जवळून गेलो असू.

त्यांच्या जेवणाचा धर्म म्हणजे कोशेर. कोशेर म्हणजे खायला योग्य. मी काकांना विचारलं, “यात खर्च वाढतो तो कुठे?” ते म्हणाले, “एकेक नियम घ्या आणि त्यापुढे रुपये लिहा, म्हणजे कळेल.” आम्ही तसंच केलं.

पहिला नियम जनावराचा. ज्याचा खूर दुभंगलेला आहे आणि जे रवंथ करतं तेच चालतं. बकरा, मेंढा चालतो, डुक्कर नाही. गाय-बैल धर्माने चालतात, पण हिंदू शेजाऱ्यांत राहून बेने इस्राएलांनी पूर्वीपासून ते टाळलं. माशांत खवले आणि पर दोन्ही पाहिजेत. पापलेट चालतो. कोळंबी, खेकडा, तिसऱ्या, मोरी चालत नाही. त्यांच्या परंपरेत अशी गोष्ट आहे की दावीद रहाबी नावाचा विद्वान कोकणात आला तेव्हा त्याने बायांपुढे निरनिराळे मासे ठेवले. त्यांनी खवल्याचे आणि बिनखवल्याचे वेगळे केले, तेव्हा त्याला खूण पटली की ही आपलीच माणसं. या नियमाने खर्च फारसा वाढत नाही. कोळंबी वाचते, हा उलट फायदाच.

दुसरा नियम कापण्याचा. बकरा कुणीही कापून चालत नाही. त्याचं शिक्षण घेतलेला माणूस लागतो. सुरीला नखाएवढाही खाच नको, तो दर वेळी धार बोटाने तपासतो. कापल्यावर फुप्फुस बघतो. दोष निघाला तर ते जनावर बाद. मागच्या मांडीतली मोठी शीर काढावी लागते, ती काढणारा हात नसेल तर मागचा भागही सोडावा लागतो. इथे खर्च सुरू होतो. पूर्वी गावातच हा माणूस असे. आता नसेल तर मुंबई-ठाण्याहून आणायचा, त्याची मजुरी, गाडीभाडं आणि राहण्याची सोय.

तिसरा नियम रक्ताचा. मटण अर्धा तास पाण्यात भिजवायचं, मग जाडं मीठ लावून तासभर निथळत ठेवायचं, मग तीन वेळा धुवायचं. घरच्या किलोभर मटणाला हे काही नाही. लग्नाच्या चाळीस किलोला दोन-तीन माणसं पहाटेपासून लागतात आणि पाण्याची पिंपंच्या पिंपं. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो त्या गावात हा खर्च लिहायला विसरायचं नाही.

चौथा नियम दूध आणि मांस एकत्र न करण्याचा. मटणाच्या पंगतीत तूप नाही, दही नाही, ताक नाही, दुधाची खीर नाही, पेढा नाही. भांडीही वेगळी, दुधाची निराळी आणि मांसाची निराळी. बाहेरच्या आचाऱ्याचे टोप आणले तर ते काकांच्या घरी चालत नव्हते, कारण त्यात आधी काय शिजलं ठाऊक नाही. धातूचं भांडं घासून, उकळत्या पाण्यातून काढून शुद्ध करता येतं. मातीचं येत नाही. आजच्या केटररचा सगळा धंदा एकाच भांड्यात आज हे, उद्या ते यावर चालतो. त्याला कोशेर करायला सांगितलं की तो दर वाढवतो, आणि त्याच्या जागेवर त्याचं बरोबर आहे.

पाचवा नियम शनिवारचा. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्र होईपर्यंत चूल पेटवायची नाही, सुरी चालवायची नाही. लग्न रविवारी धरलं तर शनिवारी तारे दिसल्यावर कामाला सुरुवात. म्हणजे रात्रपाळीची मजुरी. वर्षातले काही आठवडे लग्नाला वर्ज्य असतात, त्यातले बरेचसे नेमके आपल्या लग्नसराईत, एप्रिल-मेमध्ये पडतात.

सहावा नियम देखरेखीचा. स्वयंपाक होताना जाणता यहुदी माणूस पहिल्यापासून हजर पाहिजे. तांदूळ निवडताना किडा, अंडं फोडताना रक्ताचा ठिपका, भाजीच्या पानामागची अळी, सगळं बघायचं. परदेशात तर यासाठी पगारी माणूस असतो आणि दाखला देणाऱ्या संस्था असतात. तिथल्या कोशेर लग्नाच्या बिलात देखरेख, वेगळी भांडी आणि महाग मटण या तीन गोष्टींनीच आकडा चढतो.

मग काकांनी दोनशे माणसांचा हिशेब मांडला. भाव दर वर्षी बदलतात म्हणून त्यांनी तो आधी वजनात आणि नगात केला. ही त्यांची गोष्ट मी उचलली. माणशी दोनशे ग्रॅम हाडासकट मटण धरलं तर चाळीस किलो. एका बऱ्या बकऱ्याचं तेरा-चौदा किलो मटण पडतं, म्हणजे तीन बकरे. एखादा फुप्फुसाच्या दोषाने बाद झाला तर काय, म्हणून चौथा बांधून ठेवायचा. मागची मांडी सोडावी लागली तर तीनचे सहा होतात. सोडलेला भाग बाजारात विकता येतो, पण घाईत विकलेल्या मटणाला भाव मिळत नाही. तो तोटाही लिहायचा. तांदूळ माणशी सव्वाशे ग्रॅम, पंचवीस किलो. नारळ रश्शाला आणि गोडाला मिळून शंभराच्या आसपास. मीठ वेगळं. सरपण वेगळं. कापणाऱ्याची मजुरी आणि प्रवास वेगळा. आणि सगळ्याच्या वर दहावा हिस्सा अडीअडचणीला.

आकडे बघून मी म्हटलं, “काका, हे तर आमच्या लग्नाच्या दीडपट जातंय.” ते हसले. म्हणाले, “आता आम्ही वाचवतो कुठे ते बघा.”

दूध चालत नाही म्हणून त्यांच्या बायांनी नारळाचं दूध घेतलं. कोकणात नारळ परसात, विकत दूध कशाला? त्यांचा चिकाचा हलवा गव्हाचा चीक आणि नारळाच्या दुधात होतो, मटणानंतर बिनधास्त खाता येतो. आशीर्वादाच्या पेल्याला द्राक्षाची दारू लागते आणि तीही यहुदी हातची. ती कोकणात कुठली? त्यांनी काळ्या मनुका भिजवून, गाळून सरबत केलं. पाव-अर्ध्या किलोत काम भागतं. लग्नाआधी एलियाहू हन्नबीचा मलिदा करतात. म्हणजे भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सुका मेवा, वर फळं. चूलही पेटवावी लागत नाही. आणि भांड्यांचा प्रश्न केळीच्या पानाने सोडवला. पान आधी कुणी वापरलेलं नसतं, जेवणानंतर धुवायचंही नसतं. वेगळ्या ताटांचा सगळा खर्चच गेला.

अजून एक मार्ग त्यांच्यातले बरेच जण धरतात. मटण ठेवायचंच नाही. खवल्याचा मासा किंवा साधं शाकाहारी जेवण ठेवलं की कापणारा, मीठ लावणारा, मागची मांडी हे प्रश्नच राहत नाहीत. काकांच्या भावाला मटणच पाहिजे होतं. घरात त्यावरून आठ दिवस धुसफूस झाली. शेवटी नवरी मुलगीच म्हणाली, “माझ्या लग्नाचं कर्ज बाबांच्या पेन्शनीतून जाणार असेल तर मला मटण नको.” पंगत माशाची झाली. मी जेवून आलो. पापलेट, नारळाच्या दुधातली आमटी, भात आणि हलवा. नवऱ्याने पायाखाली काचेचा पेला फोडला तेव्हा आपल्याकडे अक्षता टाकल्यावर होतो तसाच कालवा झाला. कुणाचं पोट उपाशी राहिलं नाही.

पण काकांनी जाता जाता एक गोष्ट सांगितली, ती मला सगळ्यांत मोठी वाटते. ते म्हणाले, “नियम आज वाढले नाहीत. माणसं कमी झाली, म्हणून खर्च वाढला.” देश स्वतंत्र झाला तेव्हा बेने इस्राएल वीस हजारांच्या आसपास होते. 1948 ला इस्रायल झाल्यावर घरंच्या घरं तिकडे गेली. आता भारतातले सगळे यहुदी मिळून चार-पाच हजार. 2016 साली महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याकाचा दर्जा दिला, तोवर कितीतरी गावांतली त्यांची घरं बंद झाली होती. ज्या गावात वीस घरं होती तिथे कापणारा गावाचा होता, भांडी एकमेकांची होती, मीठ लावायला दहा बाया आपणहून यायच्या. दोन घरं उरली की तेच सगळं पैसे मोजून आणावं लागतं.

इस्रायलला गेलेल्यांचंही लग्न सोपं झालं नाही. कोशेरची सोय तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर, पण तिथल्या धर्मगुरूंनी बेने इस्राएलांशी लग्न लावण्याआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करायची अट काढली. शनवार तेल्यांच्या नातवंडांना आपण यहुदी आहोत हे सिद्ध करायला सांगितलं. लोकांनी आंदोलन केलं, उपोषणं केली, आणि 1964 साली तिथल्या सरकारला जाहीर करावं लागलं की हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत. तिकडे लग्न हॉलमध्ये होतं, खर्च ताटावर मोजतात, आणि पाहुणा आपल्या ताटाचा खर्च निघेल एवढा आहेर पाकिटात घालतो अशी रीत आहे. म्हणजे आपला आहेर, आपला चांदलाच. वही तिथेही आहे.

काकांचं ते बोलणं मी आमच्या पाड्याला लावून बघतो. माझ्या लहानपणी लग्न ठरलं की प्रत्येक घरातून तांदूळ यायचा, कुणी पायली, कुणी दोन. सरपण जंगलातून सगळे मिळून आणायचे. मांडवाला आंब्याचे टाळे, पळसाच्या पानांच्या पत्रावळी बाया रात्री गाणी म्हणत लावायच्या. ताडी झाडावरची. रोख पैसा देज आणि कपड्याला लागायचा, बाकीचं माणसांच्या हातांनी व्हायचं. पंगत गरीब होती, पण ती एकट्याच्या डोक्यावर नव्हती. एकट्याच्या डोक्यावर होता तो जमीनदाराकडून आणलेला रोख पैसा, आणि त्यानेच माणूस बांधला जायचा.

आज अच्छाडला हायवे आहे, पलीकडे भिलाड, गुजरात. पोरं वापी-उंबरगावच्या कारखान्यांत कामाला जातात. हातात दरमहा पैसा येतो, ही चांगली गोष्ट आहे, कुणी तिला नावं ठेवू नयेत. पण आता पाड्यावरून तांदूळ येत नाही. केटरर येतो, माणशी ताटाचा दर सांगतो. डीजे, लायटिंगचा मांडव, फोटोवाला. तीनशे माणसांचं सांगून पाचशे येतात आणि रात्री भात कमी पडला म्हणून भांडण होतं. नवरा मुलगा हप्त्यावर कर्ज काढतो. कागदावर सही करताना व्याज किती, कुणी वाचत नाही. गेल्या वर्षी आमच्या पाड्यातल्या एका पोराचं लग्न झालं. लग्नानंतर पाच महिने त्याने दोन पाळ्या केल्या. त्याची बायको हळद उतरायच्या आत दुसऱ्याच्या वाडीत मजुरीला गेली, आठवड्याचा हप्ता होता म्हणून. माझ्या आजीची गोष्ट मला तेव्हा आठवली. फरक आहे, मी दोन्ही सारखं म्हणणार नाही. या पोरीला कुणी मारत नाही, तिची मजुरी तिच्या हातात पडते, आणि ती उद्या काम सोडू शकते. झरीच्या सभेने एवढं तरी आम्हाला मिळवून दिलंय. पण लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात नवीन जोडपं कुणाच्या तरी वहीसाठी राबतंय, हे मला बघवत नाही.

म्हणून आता कुणाच्या घरी लग्न निघालं आणि मला बोलावलं तर मी काकांची पद्धत सांगतो. आधी माणसं मोजा, घरटी नावं लिहून, अंदाजे नाही. मग जेवण किलोत आणि नगात लिहा, भाव नंतर लावा. म्हणजे केटररने ताटाचा दर सांगितला की तो कशाचे पैसे मागतोय ते कळतं. प्रत्येक रीतीपुढे तिचा खर्च लिहा, आणि ती रीत आपली आहे की शेजाऱ्याला दाखवायची आहे तेही लिहा. धवलेरी आपली आहे, चौक आपला आहे, त्यांना फारसे पैसे लागत नाहीत. दहावा हिस्सा अडचणीला बाजूला ठेवा. आणि कर्ज घ्यायचंच असेल तर एकूण किती फेडावं लागेल तो आकडा नवरा-नवरी दोघांनाही आधी मोठ्याने वाचून दाखवा. फेडणार ते दोघंच असतात. माझ्या आजीला तिचा आकडा कुणी कधी सांगितला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी पाड्यातल्या घरांनी वर्गणी काढून सामायिक भांडी घेतली. चार मोठे टोप, दोन कढया, सहा पराती, डाव-झारे आणि पाण्याची पिंपं. ज्याच्या घरी लग्न त्याने न्यायची, घासून परत ठेवायची, भाडं नाही. पहिल्या वर्षी दोन लग्नं त्या भांड्यांत झाली, दुसऱ्या वर्षी पाच. एक टोप बुडाशी चेपलाय, तो ठोकून आणायचा आहे. यंदा वैशाखात तीन लग्नं आहेत, त्यातलं एक माझ्या नातीचं. माणसं मोजून झाली आहेत. एकशे ऐंशी.